घुमणारा ॲम्प्लिफायर आणि तिसरी पिन

शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी किंवा गावच्या बेंजो पार्टीसाठी कोणीतरी हौसेने शहरातून जुना गिटार-ॲम्प्लिफायर घेऊन येतो. एखाद्या मोडलेल्या ऑर्केस्ट्राचा माल असतो, स्वस्तात मिळालेला असतो. घरी आणून प्लग लावावा, कळ दाबावी, तो गिटारीची तार छेडायच्या आधीच खोक्यातून ‘घूंऽऽ’ असा आवाज सुरू होतो. माशी अडकावी तसा. मग कोणी खोक्यावर थाप मारतो, कोणी प्लग उलटासुलटा करून पाहतो, आणि एखादा अनुभवी गृहस्थ म्हणतो, “ती मधली जाड पिन काढून टाका, आवाज जाईल.” आवाज खरोखर जातोही. आजचे माझे बोलणे आहे ते याच पिनेबद्दल. पण तिच्याकडे जरा वळसा घालून जाऊ, कारण घुमण्याची कारणे अनेक आहेत आणि त्यांतली बरीचशी तुमची तुम्हांला शोधता येतील.

प्रथम नुसते कान द्या. आपल्याकडील विजेचा प्रवाह सेकंदाला ५० हेलकावे घेतो. हा हेलकावा बाहेरून आवाजाच्या मार्गात शिरला तर खोल, मऊ असा घुमारा ऐकू येतो. ॲम्प्लिफायरच्या पोटात मात्र रेक्टिफायर नावाचा भाग असतो. तो हेलकाव्याची पुढची व मागची अशी दोन्ही अर्धुके एकाच दिशेला वळवतो, म्हणून तिथे सेकंदाला १०० उंचवटे तयार होतात. ते उंचवटे सपाट करण्याचे काम मोठ्या कंडेन्सरांचे. हे कंडेन्सर थकले की एका सप्तकाने वरचा आणि जरा खरखरीत घुमारा येतो. शाळेत हार्मोनियम असेल तर ताडून पाहा. सेकंदाला १०० कंपनांचा हा सूर खर्जातल्या पांढरी पाचच्या अगदी जवळ, किंचित चढा लागतो. गाणे शिकवणाऱ्या बाईंना हा फरक वायरमनपेक्षा लवकर कळेल, यात मला शंका नाही.

आता दुसरी परीक्षा. सगळ्या वायरी काढून घ्या, नुसता ॲम्प्लिफायर चालू ठेवा आणि आवाजाचे बटण शून्यावर आणा. तरीही तो घुमत असेल, तर दोष बहुधा त्या बटणाच्या पुढच्या भागात, म्हणजे वीजपुरवठ्यात किंवा शेवटच्या व्हॉल्व्हांत आहे. ते कारागिराचे काम. बटण खाली आणताच घुमणे थांबत असेल, तर दोष बटणाच्या अलीकडे आहे. गिटार जोडल्यावरच घुमत असेल, तर आणखी सोपे. गिटार किंवा तिची वायर, दोघांपैकी एक चोर.

चोर बहुतेक वेळा वायरच असते. या वायरीत मधोमध एक तार असते आणि तिच्याभोवती तांब्याची जाळी. मधली तार आवाज नेते. जाळी जमिनीशी जोडलेली असते आणि बाहेरच्या विजेचा उपद्रव स्वतःवर झेलते. पायाखाली तुडवून, ओढून, गुंडाळून प्लगजवळचा जाळीचा डाग सुटला की छत्री उडालेल्या माणसासारखी मधली तार उघडी पडते. म्हणून पहिल्यांदा दुसरी वायर लावून पाहा. तीत गेला तर गेला. नाहीतर ॲम्प्लिफायरच्या तोंडावरचा जॅक पाहा. त्याची चकती सैल झालेली असते, किंवा आत गंज चढलेला असतो. ॲम्प्लिफायर बंद करून चकती आवळली आणि प्लग दहा-वीस वेळा आतबाहेर केला, तरी पुष्कळदा फरक पडतो. अशा वेळी दुरुस्तीला पैसे मोजून आलेला माणूस फार हळहळतो.

गिटारीच्या तारांखाली जो चुंबक असतो, त्याच्याभोवतीचे बारीक तारेचे वेटोळे हीसुद्धा हवेतला घुमारा पकडणारी एरियलच. गिटार घेऊन जागच्या जागी गोल फिरा. एका बाजूला तोंड केल्यावर घुमणे वाढले आणि दुसऱ्या बाजूला कमी झाले, तर तो ॲम्प्लिफायरचा दोष नव्हे. यावर उपाय म्हणून अमेरिकेत गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ साली दोन उलट वेटोळी शेजारी ठेवण्याच्या युक्तीचा पेटंट-अर्ज केला. दोन्हींत शिरलेला घुमारा एकमेकांना खाऊन टाकतो आणि तारेचा आवाज तेवढा उरतो. तुमच्या गिटारीत एकच वेटोळे असेल, तर ट्यूबलाइटपासून दूर उभे राहा. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मधल्या आकड्यावर असेल तर तो पूर्ण वर करा किंवा पंखा बंद करा. भुंग्यासारखी चरचर बहुधा तिथूनच येते.

आणि आता ती पिन.

एका शाळेच्या संमेलनात मी जे पाहिले ते सांगतो. शाळेचा जुना गिटार-ॲम्प्लिफायर एका भिंतीवरच्या सॉकेटला लावलेला होता. मांडववाल्याची कर्ण्याची यंत्रणा दुसऱ्या खोलीतून वीज घेत होती. ॲम्प्लिफायरमधून त्या यंत्रणेकडे आवाजाची एक वायर नेली, आणि ती जोडताच सगळा मांडव घुमू लागला. याचे कारण असे. दोन्ही यंत्रे आपापल्या तिसऱ्या पिनेतून जमिनीला पोचत होती आणि वायरीच्या जाळीने एकमेकांनाही जोडली गेली होती. जमिनीला जायच्या अशा दोन वाटा झाल्या की त्यांचे एक मोठे कडे तयार होते, आणि त्या कड्यातून विजेचा हेलकावा फिरत राहतो. मांडववाल्याने ॲम्प्लिफायरच्या प्लगची जाड पिन पकडीने मोडली. कडे तुटले. घुमणे थांबले. टाळ्या पडल्या.

पण बघा काय झाले ते! ॲम्प्लिफायरच्या लोखंडी सांगाड्याला जमिनीकडे जायची आता एकच वाट उरली, ती म्हणजे आवाजाच्या वायरीची जाळी. दुसऱ्या दिवशी सरावासाठी ती वायर काढून ठेवली होती. आता सांगाड्याला जमीनच राहिली नाही. जुन्या ट्रान्सफॉर्मरचे वेष्टन दमट हवेने कच्चे झालेले, त्यातून वीज सांगाड्यात उतरत होती. गिटारीच्या तारा सांगाड्याला जोडलेल्या असतात, म्हणजे तारांवर ठेवलेला हात सांगाड्यावरच ठेवल्यासारखा. नववीतला मुलगा गिटार गळ्यात घालून मायक्रोफोनपाशी वाकला. मायक्रोफोन मांडववाल्याच्या यंत्रणेतून जमिनीशी जोडलेला होता. ओठ टेकताच तो मागे फेकला गेला. सुदैवाने वाचला. ओठावर डाग राहिला.

सगळेच असे वाचत नाहीत. स्टोन द क्रोज या स्कॉटिश वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस हार्वी १९७२ साली वेल्समधील स्वान्सी येथे रंगमंचावर, जमिनीशी नीट न जोडलेल्या मायक्रोफोनला स्पर्श होऊन मरण पावला. यार्डबर्ड्सचा गायक कीथ रेल्फ १९७६ साली इंग्लंडमध्ये आपल्या घरीच, अर्थिंग बरोबर नसलेली विजेची गिटार वाजवताना गेला. दोघेही अनुभवी कलावंत होते.

तर कड्याचा उपाय काय? दोन्ही यंत्रे एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावा, म्हणजे कडे इतके लहान होते की घुमारा बहुधा उरत नाही. तेवढ्याने भागले नाही, तर दोघांच्या मध्ये आवाजाच्या वायरीवर डी. आय. बॉक्स नावाची लहान पेटी मिळते, ती बसवा. आत छोटा ट्रान्सफॉर्मर असलेली घ्या आणि तिच्यावरचे ‘ग्राउंड लिफ्ट’ बटण दाबा. आवाज पुढे जातो, जाळीचा संबंध तुटतो. वाट तोडायची ती आवाजाच्या बाजूची, विजेच्या बाजूची नव्हे. पिन तिच्या जागी राहू द्या.

पिन आहे, पण सॉकेटच्या तिसऱ्या भोकाला मागे तारच नाही, असेही कितीतरी इमारतींत आढळते. वायरमनला बोलावून तपासून घ्या. तो दिवा फेज आणि न्यूट्रलमध्ये धरून पाहतो, मग फेज आणि अर्थमध्ये. दोन्हीकडे सारखा उजेड पडला पाहिजे. मंद पेटला तर अर्थिंग कच्चे, पेटलाच नाही तर नाहीच. जिथे गळती ओळखून वीज तोडणारे यंत्र बसवले आहे तिथे ही परीक्षा करताच ते यंत्र पडेल, म्हणून तिथे मीटरनेच पाहावे लागते. हे काम विद्यार्थ्यांना दाखवायला म्हणूनसुद्धा स्वतः करू नका. शाळेच्या आवारात मीठ-कोळसा घातलेला अर्थिंगचा खड्डा असेल, तर उन्हाळ्यात त्यात पाणी घालायचे मात्र शिपाईदादांना आठवणीने सांगा. कोरड्या जमिनीत वीज मुरत नाही.

फार जुने अमेरिकन ॲम्प्लिफायर कधी कधी दोन पायांच्या वायरीचे असतात, आणि त्यांत विजेच्या तारेपासून सांगाड्यापर्यंत एक लहान कंडेन्सर लावलेला असतो. परदेशचे कारागीर त्याला ‘मृत्यूचा कंडेन्सर’ म्हणतात. आपल्या २३० व्होल्टांवर ०.०४७ मायक्रोफॅरडच्या अशा कंडेन्सरमधून तीन-साडेतीन मिलिअँपिअर गळतात, तारांना हात लागला की झिणझिण्या येतात. तो फुटून आतल्या आत जोडला गेला तर पूर्ण वीज तुमच्या हातात. तो काढून टाकून तीन पायांची वायर बसवून घ्यावी. शिवाय हे यंत्र ११७ व्होल्टांसाठी असेल, तर मध्ये उतरता ट्रान्सफॉर्मर हवाच.

राहिले पोटातले मोठे कंडेन्सर. वीस-तीस वर्षांत त्यांच्यातले द्रव्य सुकते आणि वर सांगितलेला खरखरीत घुमारा येतो. ते बदलणे कठीण नाही, पण ते कारागिरानेच बदलावेत. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये चारशेच्या घरातले व्होल्ट त्यांच्यात साठतात आणि प्लग काढून ठेवल्यावरही बराच वेळ तसेच राहतात. पेचकस घेऊन झाकण उघडू नका.

कारागिराकडे नेताना एका कागदावर तीन गोष्टी लिहून न्या: सूर खर्जातल्या पांढरी पाचजवळचा की त्याच्याही एक सप्तक खालचा, बटण शून्यावर असताना घुमतो की नाही, आणि गिटार काढल्यावर थांबतो की नाही. हा कागद पाहून तो खोके उघडण्यापूर्वीच सांगेल, कंडेन्सर आणायचे की नुसता डाग द्यायचा.