शेतातली मोटार आणि लॅबमधलं नेटवर्क ॲनालायझर

आपल्या नांदेड-लातूरकडे रात्री-अपरात्री लाइट आली की आता प्रत्येक शेतकरी बॅटरी घेऊन विहिरीवर पळतोच असं नाही. मोबाइल स्टार्टर बसवलेला असेल तर घरूनच फोन लावतो. मोटार सुरू होते आणि उलट मेसेज येतो, मोटार चालू, किंवा एक फेज नाही. हुकूम गेला, उत्तर आलं. प्रोग्रामने नेटवर्क ॲनालायझर लांबून चालवणं म्हणजे तत्त्वतः हेच.

पालकांसाठी आधी एवढं सांगतो की या यंत्राचा कॉम्प्युटर नेटवर्कशी संबंध नाही. अँटेना, केबल, फिल्टर यांच्यात ते वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीचे सिग्नल सोडतं. किती परत आले, किती पार गेले ते मोजतं. वायफायच्या अँटेनाला २.४ गिगाहर्ट्झला उणे १० डेसिबल परावर्तन दिसलं तर दहावा भाग शक्ती परत फिरली. उणे २० दिसलं तर फक्त शंभरावा.

अडचण अशी, की यंत्र लाखांच्या घरात, म्हणून एकच; आणि वर्गात मुलं साठ. चौघं बटणं दाबतात, बाकीचे मागून माना उंच करून बघतात आणि जर्नलमध्ये आलेख एकमेकांचा उतरवतात. नांदेडला १९८१ पासून श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था आहे, लातूरला पुरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन आहे. समजा एका गावातलं यंत्र दुसऱ्या गावच्या मुलीला तिच्या पाळीत चालवता आलं, तर तो आलेख तिचा स्वतःचा असेल.

यंत्रांना तारेवरून हुकूम देणं जुनंच आहे. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या पद्धतीवरून १९७५ साली आयट्रिपलई ४८८ हे मानक झालं. पण केबलची एकूण लांबी २० मीटरपर्यंतच, आणि हुकुमांची भाषा कंपनीगणिक वेगळी. १९९० साली 'स्किपी' नावाचं सामाईक व्याकरण आलं. आता हुकूम साध्या लॅन केबलवरून जातात, त्यामुळे २० मीटरची अट उरली नाही.

संभाषण असं चालतं. पायथॉनमधून पहिला प्रश्न 'स्टार आयडीएन प्रश्नचिन्ह', म्हणजे बाबा रे, तू कोण? यंत्र कंपनी, मॉडेल, सीरियल नंबर सांगतं. मग सुरुवात २ गिगाहर्ट्झ, शेवट ३, बिंदू २०१. प्रश्नचिन्ह असलं तरच यंत्र बोलतं. नुसत्या हुकुमाला ते गप्प राहतं. चुकीचा हुकूम दिला तरी लांबून काही कळत नाही, 'सिस्टिम एरर प्रश्नचिन्ह' असं मुद्दाम विचारावं लागतं.

मुलं अडतात ती वाट बघण्यात. मोजणी पुरी व्हायच्या आतच ती आकडे मागतात, मग हातात येतात मागच्याच अँटेनाचे आकडे. आलेख सुंदर, पण दुसऱ्याचा! त्यासाठी सतत चालणारी मोजणी बंद करायची, एकच फेरी सोडायची आणि 'स्टार ओपीसी प्रश्नचिन्ह' विचारायचं. काम संपल्यावरच यंत्र '१' असं उत्तर देतं. तोवर प्रोग्रामने थांबायचं, आणि थांबण्याची मुदतही पुरेशी ठेवायची.

एक काम मात्र लांबून होत नाही. मोजणीआधी केबलच्या टोकाला ओपन, शॉर्ट आणि लोड असे तीन तुकडे एकामागून एक लावून कॅलिब्रेशन करावं लागतं. अँटेना बदलायलाही माणूसच लागतो. म्हणून यंत्राजवळ लॅब असिस्टंट हवाच. त्याला वगळून आखलेली 'रिमोट लॅब' माझ्या मते कागदावरच राहते.

सरावासाठी काही हजारांत मिळणारं नॅनो व्हीएनए पुरतं. त्याला स्किपी येत नाही, पण यूएसबीवरून 'स्वीप', 'डेटा' असे साधे शब्द कळतात. जर्नलमध्ये आलेखाशेजारी यंत्राने स्वतःची दिलेली ओळख, सुरुवात, शेवट, बिंदू आणि कॅलिब्रेशनची तारीख लिहायला लावा. उतरवलेला आलेख लगेच ओळखू येतो.