घडी बसवणारी वर्षे

नोकरीची पहिली पाच-सात वर्षे माणसाच्या आर्थिक आयुष्याची जी घडी बसवतात ती पुढे मोडणे फार कठीण जाते, आणि ही घडी मिळकतीच्या आकड्यापेक्षा महिन्याच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत पैसा कोणत्या क्रमाने वाटला जातो यावर अधिक अवलंबून असते. पगार खात्यात जमा झाल्यावर भाडे, हप्ते, जेवणखाण, प्रवास, कपडे, मोबाइल असे सारे भागवून जे उरेल ते शिल्लक टाकायचे, असा बहुतेक तरुणांचा बेत असतो. परंतु खर्च मिळकतीच्या मापानेच वाढत जात असल्यामुळे उरणारी रक्कम पगार पंचवीस हजार असताना जेवढी असते, जवळजवळ तेवढीच तो पन्नास हजार झाल्यावरही राहते. म्हणून बचत आधी बाजूला काढून उरलेल्या पैशांत महिना भागवणे, हा क्रमातील साधा वाटणारा बदल प्रत्यक्षात सगळ्यांत मोठा बदल असतो.

हे तत्त्व महाराष्ट्राला नवे नाही. गावोगावच्या महिला बचत गटांची पंचसूत्री म्हणून ओळखले जाणारे नियम पाहिले, म्हणजे नियमित बैठक, नियमित बचत, गटाच्या निधीतूनच सदस्यांना दिले जाणारे अंतर्गत कर्ज, त्याची नियमित परतफेड आणि नोंदवह्या वेळच्या वेळी पूर्ण करणे, तर त्यांत मनोनिग्रहाचा उपदेश कुठेही आढळत नाही. ठरलेला दिवस, ठरलेली रक्कम, समोर बसलेल्या दहा-बारा जणी आणि सगळ्यांच्या देखत वहीत होणारी नोंद, एवढ्या मांडणीवर मजुरी करणाऱ्या स्त्रियाही वर्षानुवर्षे बचत टिकवून धरतात. भिशीचे गमक तेच आहे. बारा जणांनी दरमहा दोन हजार रुपये काढले की प्रत्येकाला वर्षातून एकदा चोवीस हजार रुपये एकरकमी मिळतात; त्यावर व्याज नसते, खासगी भिशी बुडाली तर दाद मागायलाही फारशी जागा नसते, तरीही लोक ती भरतात, कारण चुकवले तर चारचौघांत मान खाली घालावी लागते. शहरातील एकट्या राहणाऱ्या तरुणाभोवती असा गट नसतो आणि त्याची कमाई अधिक असूनही बचत कमी पडते, याचे एक मोठे कारण येथे आहे.

सवयीचा अभ्यास करणाऱ्यांनीही मांडणीचे हे महत्त्व दाखवून दिले आहे. लंडनमधील संशोधक फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज ठरावीक प्रसंगी एखादी नवी कृती करायला सांगून ती अंगवळणी पडायला किती काळ लागतो हे तपासले, तेव्हा हा काळ १८ ते २५४ दिवसांपर्यंत पसरलेला आणि मधोमध पाहता ६६ दिवसांचा निघाला. २१ दिवसांत सवय लागते हा सर्वत्र ऐकू येणारा समज त्यामुळे टिकत नाही. याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने सवय मोडत नाही असेही दिसले, आणि एका महिन्यात बचत चुकली म्हणून सारे सोडून देणाऱ्या तरुणांनी हे आवर्जून लक्षात ठेवण्यासारखे आहे. २०१७ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले रिचर्ड थेलर आणि त्यांचे सहकारी श्लोमो बेनार्त्झी यांनी अमेरिकेतील एका कारखान्यात वेगळा मार्ग अवलंबला: कामगारांकडून आजच्या पगारातून काहीही न मागता, पुढच्या प्रत्येक पगारवाढीतील काही वाटा आपोआप निवृत्तीच्या बचतीत जाईल एवढी संमती त्यांनी आधी घेऊन ठेवली. योजनेत सामील झालेल्यांचे बचतीचे प्रमाण चाळीस महिन्यांत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेले. हातात कधी आलाच नाही, त्या पैशाची उणीव भासत नाही.

भारतातील नोकरदाराला अशी तयार व्यवस्था पहिल्या महिन्यापासून मिळते, पण तिच्याकडे तो बहुधा कपात म्हणून पाहतो. १९५२ च्या कायद्याने उभी राहिलेली कर्मचारी भविष्य निर्वाह निधी योजना, म्हणजे बोलीभाषेतील पीएफ, समजून घ्यायची तर पगारपत्रकावरच्या आकड्यांकडेच पाहावे. मूळ वेतन १५,००० रुपये असेल, तर त्याच्या १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये कर्मचाऱ्याच्या पगारातून कापले जातात आणि मालकही तेवढेच १,८०० रुपये घालतो. मात्र मालकाच्या वाट्यातील सुमारे १,२५० रुपये निवृत्तिवेतन योजनेत वळते होतात आणि उरलेले ५५० रुपये निधीच्या खात्यात पडतात. हे सारे यूएएन या बारा अंकी क्रमांकाशी जोडलेले असते आणि नोकरी बदलली तरी तो क्रमांक बदलत नाही. असे असताना नोकरी बदलताना जुनी रक्कम काढून घेऊन मोबाइल, गाडी किंवा सहलीत घालवण्याची रीत पडली आहे, ती खरोखर खेदाची आहे. सलग पाच वर्षांची सेवा होण्याआधी काढलेली रक्कम साधारणतः करपात्र ठरते. शिवाय निवृत्तिवेतनासाठी किमान दहा वर्षांची सेवा लागत असल्यामुळे त्या योजनेतील पैसेही काढून घेतले, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. अर्ज करून खाते नव्या नोकरीत वर्ग करण्याचे काम थोड्या वेळाचे असते.

लवकर सुरुवात करण्याचा लाभ चक्रवाढ व्याजात, म्हणजे व्याजावरही व्याज मिळण्यात आहे. दरवर्षी ८ टक्के परतावा गृहीत धरला, तर बाविसाव्या वर्षापासून दरमहा २,००० रुपये टाकणाऱ्याजवळ साठीला सुमारे ५९ लाख रुपये जमतात, आणि तेच बत्तिसाव्या वर्षी सुरू करणाऱ्याजवळ सुमारे २५ लाख. दोघांनी खिशातून घातलेल्या पैशांतील फरक मात्र २ लाख ४० हजारांचाच असतो. महागाईमुळे त्या वेळी या रकमांची किंमत आजच्याहून बरीच कमी असेल हे खरे, पण दोघांमधील अंतर त्यामुळे बुजत नाही.

चक्रवाढीचे हेच गणित कर्जात उलटे फिरते, आणि क्रेडिट कार्डाच्या बिलाइतके ते दुसरीकडे कुठे स्पष्ट दिसत नाही. बिलावर एकूण देय रक्कम आणि ‘किमान देय रक्कम’ असे दोन आकडे छापलेले असतात. समजा थकबाकी ५०,००० रुपये, किमान रक्कम तिच्या ५ टक्के म्हणजे २,५०० रुपये आणि व्याज महिन्याला ३.५ टक्के आहे. मग त्या महिन्याचे व्याज १,७५० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३१५ रुपये, असे २,०६५ रुपये बँकेकडे आणि सरकारकडे जातात आणि भरलेल्या अडीच हजारांतून मुद्दल केवळ ४३५ रुपयांनी उतरते. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही सहसा मिळत नाही. महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के. हा दर सावकारीच्या नावाने कुणी सांगितला असता, तर हेच तरुण दचकले असते. कार्ड वापरण्यात दोष नाही. पूर्ण बिल मुदतीत भरण्याची आज्ञा खात्याला आधीच देऊन ठेवली, तर तेच कार्ड सोयीचे ठरते आणि परतफेडीची चांगली नोंद झाल्याने पुढे गृहकर्जाच्या वेळी पतगुणांकनाचाही उपयोग होतो.

गुंतवणुकीच्या आधी तीन ते सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम सहज काढता येईल अशा ठिकाणी असावी, कारण नोकरी गेल्यावर किंवा घरात आजारपण आल्यावर कर्जाची पायरी चढावी लागते ती या उणिवेपायी. ही रक्कम ठेवताना बँक आणि पतसंस्था यांतील भेद विसरू नये. सहकारी बँकांसह बँकांतील ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे, प्रत्येक बँकेत, व्याजासह पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण असते, आणि ही मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखावरून वाढवण्यात आली. पतसंस्थांतील ठेवींना हे संरक्षण नाही, मग अध्यक्ष कितीही ओळखीचे असोत. ओळखीपोटी घेतल्या जाणाऱ्या विमा पॉलिसीलाही हाच विचार लागू आहे: बचत आणि विमा एकत्र असलेल्या पॉलिसीत संरक्षण फार थोडे मिळते, तेव्हा आईवडील किंवा भावंडे ज्याच्या कमाईवर अवलंबून आहेत त्याने निव्वळ मुदतीचा विमा आणि आरोग्य विमा घ्यावा.

पैशाच्या सवयी दिनक्रमापासून वेगळ्या काढता येत नाहीत. उशिरापर्यंत जागणाऱ्याचा डबा होत नाही, डबा नसला की जेवण बाहेरून मागवले जाते, आणि २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयमुळे हा खर्च पाकिटातून नोट निघाल्याचे जाणवू न देताच होऊन जातो. जुन्या घरांतून रोजखर्चाची वही असे, आणि रात्री दोन ओळी लिहिताना दिवसाचा खर्च पुन्हा एकदा नजरेखालून जात असे. त्या वहीचे काम बँकेचे संदेश करत नाहीत, कारण ते येतात आणि न वाचता सरकवले जातात. आठवड्यातून एकदा, ठरावीक वारी, खात्याचा उतारा पाहिला तरी पुरे.

ज्याच्या पगारातून गावाकडचे कर्ज फिटते किंवा धाकट्या बहिणीची फी जाते, त्याला बचत जमत नाही म्हणून बोल लावणे अन्यायाचे होईल. त्याने महिन्याला शंभर रुपयांची आवर्ती ठेव, म्हणजे दरमहा ठरलेली रक्कम भरायची ठेव, उघडली तरी क्रम लागतो. अडचण दुसरीकडे आहे. मराठी घरांत मुलांसमोर पैशाविषयी बोलणे टाळले जाते, आणि वडिलांवर कर्ज किती, विमा कुठला, खात्यावर वारस म्हणून कोणाचे नाव, हे मुलांना कित्येकदा वडिलांच्या पश्चातच कळते. पहिला पगार देवापुढे ठेवण्याची किंवा आईच्या हातात देण्याची प्रथा अजून पुष्कळ घरांत पाळली जाते. त्याच संध्याकाळी आईवडिलांनी घरची पासबुके, पॉलिसी आणि कर्जाचे कागद मुलासमोर किंवा मुलीसमोर उघडावेत, आणि तिने किंवा त्याने आपले पगारपत्रक त्यांच्यासमोर ठेवावे.