सुट्टीवर जाताना फिशटँकचे काय?

श्रावणात मंचर, घोडेगाव, जुन्नरची घरे भीमाशंकरला किंवा गावाला चार-सहा दिवस जातात. मासे उपाशी राहू नयेत म्हणून निघताना टँकमध्ये मूठभर खाद्य टाकले जाते. हेतू चांगला, पण धोका तिथेच आहे.

मासे शीतरक्ती (शरीराचे तापमान भोवतालच्या पाण्याप्रमाणे बदलणारे) असतात. शरीर गरम ठेवण्यात त्यांची ऊर्जा जात नाही, म्हणून निरोगी मोठे मासे आठवडाभर खाद्याविना सहज राहतात. पिल्लांना मात्र रोज खाद्य लागते.

आठवड्याचा वरणभात एकाच दिवशी रांधून ओट्यावर ठेवला, तर दुसऱ्या दिवशी तो आंबतो. टँकमधले उरलेले खाद्यही तसेच कुजते आणि त्यातून अमोनिया (कल्ल्यांना इजा करणारे विषारी द्रव्य) तयार होतो. पाणी दुधाळ होते, मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागतात. एरवी फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचे कमी विषारी द्रव्यात रूपांतर करतात, पण एवढा भार त्यांना पेलत नाही. त्यांना प्राणवायूही लागतो, म्हणून वीज वाचवायला फिल्टर बंद करू नये. दिवा बंद राहिला तरी चालेल.

शेजाऱ्यांना सांगायचेच असेल, तर एकेका वेळच्या चिमूटभर खाद्याच्या पुड्या बांधून द्या, डबा नको.

आणि कटकट नको म्हणून मासे ओढ्यात किंवा घोड नदीत सोडणे तर मुळीच नको. घोडचे पाणी पुढे भीमेला मिळते, आणि भीमेवरच्या उजनीत मूळचा दक्षिण अमेरिकेतला, टँकसाठी विकला जाणारा सकर मासा आज मच्छीमारांच्या जाळ्यांत सापडतो.