भिंगावाचून नेम

नवी मुंबईच्या दक्षिण टोकाला, पनवेलच्या कर्नाळा स्पोर्ट्स अकादमीत 'लक्ष्य शूटिंग क्लब' चालतो. ऑलिंपियन सुमा शिरूर यांनी तो २००६ मध्ये सुरू केला. दहा मीटर एअर रायफलच्या नेमबाजीत आज देशभर त्याचं नाव आहे. जयपूरच्या अवनी लेखराने टोकियो पॅरालिंपिकमध्ये २४९.६ गुणांनी आणि पॅरिसमध्ये २४९.७ गुणांनी सुवर्णपदक जिंकलं, ते शिरूर यांच्या मार्गदर्शनाखाली. नेमबाजी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सिनेमातला माणूस येतो: छपरावर पालथा पडलेला, दुर्बिणीला डोळा लावलेला, आणि त्या दुर्बिणीत अधिक-चिन्हाखाली कुणाचा तरी चेहरा. या खेळातल्या रायफलवर मात्र दुर्बीण नसते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार रायफलच्या साइटमध्ये, म्हणजे नेम धरायच्या साधनात, कुठलंही भिंग चालत नाही, मग तो क्लब पनवेलचा असो की म्युनिकचा. आता, इतकी काटेकोर नेमबाजी भिंगावाचून होत असेल, तर साइट निवडताना आपण भलत्याच गोष्टीला महत्त्व देतो असं म्हणावं लागेल. ग्राहक काच आणि तिची ताकद पाहतो. नेम ठरतो तो साइट कशी बसवली आणि कशी झिरो केली, म्हणजे नेम धरू तिथेच मार बसेल अशी कशी जुळवली, यावर.

या रायफलवर दोन साइट असतात. डोळ्याजवळच्या मागच्या साइटला बारीक छिद्र असतं. त्याचा व्यास आयरिस फिरवून कमी-जास्त करता येतो. नळीच्या टोकाशी बोगद्यासारख्या नळकांड्यात एक कडं बसवलेलं असतं. छिद्रातून कडं दिसतं आणि कड्यात टार्गेटचं काळं वर्तुळ. काळ्याभोवती पांढरी कड सगळीकडून सारखी दिसली की नेम लागला. वर्तुळात वर्तुळ मधोमध आहे की नाही, हे ओळखण्यात माणसाचा डोळा विलक्षण तरबेज आहे आणि ही सारी रचना त्याच्या त्या एका गुणावर उभी आहे. आता थोडा हिशेब करू. दोन साइटमधलं अंतर ८० सेंटिमीटर धरा. साइट एकमेकींशी जुळलेल्या असताना अख्खी रायफल १ मिलिमीटर बाजूला सरकली, तर पेलेट (छर्रा) १ मिलिमीटरच बाजूला लागेल आणि कमाल १०.९ पैकी १०.६ गुण मिळतील. पण कडं आणि छिद्र यांच्यातच १ मिलिमीटरची फारकत पडली, तर दहा मीटरवर पेलेट साडेबारा मिलिमीटर भरकटेल आणि थेट टार्गेटवरच्या सहा गुणांच्या वर्तुळात जाईल. पहिली चूक जेवढ्यास तेवढी राहते, दुसरी साडेबारापट होते. म्हणून प्रशिक्षक नजर पुढच्या कड्यावर ठेवायला सांगतात आणि काळं वर्तुळ किंचित पुसट दिसलं तर दिसू देतात. टार्गेट मोठं करून दाखवणाऱ्या भिंगाने यातली पहिली, स्वस्तातली चूक तेवढी ठळक दिसली असती.

इथे वाचक विचारेल, दुर्बिणीत तर दोन साइट जुळवण्याचा प्रश्नच मिटतो, मग ती चांगली नाही का? प्रश्न रास्त आहे. दुर्बिणीत खूण आणि लक्ष्य एकाच प्रतलात येतात. साडेबारापट होणारी चूक बहुतांशी निघून जाते. पण ती पॅरलॅक्सच्या रूपाने मागच्या दाराने परत येते. पुष्कळशा रायफल-दुर्बिणी शंभर यार्डांच्या आसपास जुळवलेल्या असतात. दहा मीटरवर चित्र धूसर होतं आणि डोळा भिंगाच्या मध्यापासून जरा हलला की खूणही लक्ष्यावरून सरकते. शिवाय मोठं दिसतं ते लक्ष्यासकट स्वतःच्या हाताचं थरथरणंही. नवशिक्या ते पाहून घाबरतो, नेम नेमका लागला त्या क्षणी ट्रिगर हिसकतो आणि दहाचा नऊ करतो. कड्याच्या साइटमध्येही हीच गोष्ट दिसते. कडं फार घट्ट घेतलं तर प्रत्येक हालचाल उघडी पडते, मन बिथरतं आणि डोळा थकतो. किंचित सैल कड्यात तोच हात शांत वाटतो. किती सैल असावं यावर प्रशिक्षकांत वाद आहेत. ते मिटण्याची चिन्हं नाहीत आणि मिटायची गरजही नाही, कारण उत्तर माणसागणिक वेगळं आहे.

भिंगावाचून नेम किती काटेकोर लागतो, याचा पुरावा म्हणून एक आकडा पुरेसा आहे. २००४ मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुमा शिरूर यांनी पात्रता फेरीत ४०० पैकी ४०० गुण मिळवून विश्वविक्रमाची बरोबरी केली. दहाचा ठिपका असतो अर्धा मिलिमीटर आणि पेलेट साडेचार मिलिमीटर. म्हणजे सलग चाळीस वेळा पेलेटचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत. एकही भिंग नसलेल्या साइटने हे साधलं. असे पूर्ण गुण वाढत गेले, तसे पुढे २०१३ पासून एअर रायफलच्या पात्रता फेरीतही दशांश गुण मोजू लागले: मध्यापासून दर पाव मिलिमीटरला एक दशांश कमी, कमाल १०.९. नेमबाज सरस निघाले म्हणून मोजपट्टी बारीक करावी लागली. साइटवर भिंग आणण्याची गरज कुणाला वाटली नाही.

आता बसवण्याकडे वळू, कारण मोजपट्टी बारीक झाल्यावर खरी गफलत इथेच पकडली जाते. साइट रायफलच्या रेलवर सरकवून स्क्रूने आवळतात. उंची कमी पडली तर खाली ब्लॉक घालतात, म्हणजे डोकं साइटपाशी ओढत न्यावं लागत नाही. मान ताणून पाहणाऱ्याचा गाल दर शॉटला दस्त्यावर वेगळ्या जागी टेकतो आणि मग साइट कितीही महागाची असो, छिद्र रोज नवं. दुसरी गोष्ट रायफलच्या तिरपेपणाची. १७५ मीटर प्रतिसेकंद वेगाचं पेलेट दहा मीटर जाईपर्यंत सुमारे १६ मिलिमीटर खाली येतं. साइटमध्ये ही घट भरून काढलेली असते, पण रायफल सरळ आहे असं धरून. ती पाच अंशांनी कलली, तर भरपाई तिरकी पडते आणि पेलेट सुमारे १.४ मिलिमीटर बाजूला जातं, १०.९ चा शॉट १०.४ होतो. अनेक चांगले नेमबाज रायफल मुद्दाम तिरपी धरतात, कारण तसं धरलं की साइट आपसूक डोळ्यापुढे येते. त्यात गैर काही नाही, फक्त कल दर वेळी तोच हवा. सैल राहिलेला स्क्रू मात्र कुणालाच माफ करत नाही. दुर्बीण बसवणाऱ्यालाही हेच सारं करावं लागतं: दोन्ही रिंगा एका रेषेत, स्क्रू आळीपाळीने आवळलेले, उभी खूण खरोखर उभी. एअर गन स्प्रिंगची असेल तर झटका मागे आणि पुढे असा दोन्हीकडे बसतो, आणि साध्या रायफलवर वर्षानुवर्षं टिकणारी दुर्बीण तिथे खिळखिळी होते.

झिरो करणं म्हणजे मध्यावर एक पेलेट मारून हुश्श करणं नव्हे. आधी पाच-दहा शॉटचा ग्रुप हवा. ग्रुप विखुरलेला असेल तर साइटच्या नॉबला हात लावू नये. दोष बहुधा साइटचा नाही, धरण्याचा आहे. ग्रुप घट्ट पण बाजूला पडला असेल, तरच त्याचा मध्य शोधून तेवढे क्लिक फिरवावेत. एकेका शॉटच्या मागे क्लिक फिरवणारा नेमबाज स्वतःच्या चुकीला साइटची चूक समजून तिचा पाठलाग करत राहतो. आणि एकदा जमलेला झिरो कायमचा नसतो. प्रकाश बदलला की कड्यातली पांढरी कड वेगळी दिसते. पन्नास मीटरच्या तीन पोझिशनमध्ये गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून डोक्याची ठेवण बदलते, म्हणून प्रत्येक वेळी साइट नव्याने लावावी लागते. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळवलं ते याच प्रकारात. बीजिंग ऑलिंपिकच्या २००८ मधल्या अंतिम फेरीआधी सराव शॉटमध्येच अभिनव बिंद्राला आपला झिरो भलताच सरकलेला आढळला होता, असं त्याने आत्मचरित्रात लिहिलं आहे. मिळालेल्या तेवढ्या मिनिटांत त्याने साइट पुन्हा लावली आणि शेवटचा शॉट १०.८ मारून सुवर्ण घेतलं. शॉट मोजायला लागण्याआधी पात्रता फेरीत पंधरा मिनिटं देतात आणि त्यात हवे तितके सायटर्स, म्हणजे सराव शॉट, मारता येतात, ते याचसाठी.

सर्वांत वजनदार आक्षेप सैन्याचा आहे. भिंग इतकं गौण, तर जवानाच्या रायफलवर दुर्बीण का चढवतात? कारण त्याचं लक्ष्य पांढऱ्या कागदावरचं काळं वर्तुळ नसतं. ते झाडीत लपलेलं, संधिप्रकाशातलं असतं आणि किती दूर आहे हेही ठाऊक नसतं. आधी ते दिसलं पाहिजे. तिथे दुर्बीण शोधायचं काम करते आणि त्या कामाला पर्याय नाही. पण सापडलेल्यावर गोळी लागेल की नाही, हे तिथेही बसवणी आणि झिरोच ठरवतात. दुसरा आक्षेप वयाचा, आणि तो मला अधिक पटतो. चाळिशीनंतर पुढचं कडं स्पष्ट दिसेनासं होतं. नियमात नेमबाजाला स्वतःच्या डोळ्यांवर चष्मा लावायची मुभा आहे, आणि लहान छिद्रातून पाहिलं की धूसरपणा काहीसा कमीही होतो, तरी तरुण डोळ्याची बरोबरी होत नाही. हौसेखातर निवांत नेम धरणाऱ्या ज्येष्ठाने दुर्बीण घेतली तर योग्यच. फक्त ती दहा मीटरपर्यंत फोकस होणारी असावी. कोकणपट्टीतल्या पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरते, हेही त्याने ध्यानात ठेवावं. छिद्राला बुरशी लागत नाही.

तिसरा आक्षेप महागड्या साधनांचा, तो मात्र उलटा फिरवता येतो. परदेशी एअर रायफल लाखांच्या घरात जाते, वर आयरिस, रंगीत फिल्टर, बदलती कडी असा बाजार. पालक तेवढं घेऊन देतात तेव्हा मुलाचा ग्रुप अजून जमलेला नसतो, आणि तो जमेपर्यंत फिल्टरने फरक पडला की सकाळच्या प्रकाशाने, हे कुणालाच सांगता येत नाही. उरतो प्रश्न डोळ्याचाच, आणि त्याचं उत्तर पॅरा नेमबाजीत आहे. तिथे दृष्टिहीनांसाठी एक प्रकार आहे. रायफलवरचं उपकरण नेम कुठे आहे ते ओळखून हेडफोनमध्ये सूर देतं. रायफल मध्याकडे सरकते तसा सूर चढत जातो आणि नेमबाज तो ऐकून ट्रिगर दाबतो. टार्गेट त्याला दिसतच नाही. उपकरण रायफलवर घट्ट बसवावं लागतं आणि झिरोही करावं लागतं.