इमारतीच्या नकाशात पार्किंग असतं, मग गाड्या रस्त्यावर का? भूमसारख्या छोट्या शहरात पार्किंग आणि माल उतरवण्याच्या जागेचे नियम काय सांगतात?

बाजाराच्या रस्त्यावर दुकानासमोर दुचाकींची रांग लागलेली असते. तिच्या पुढे किराणा मालाचा पिकअप उभा राहतो आणि हमाल पोती उतरवायला लागतात. मागे एसटी अडकते, तिच्या मागे रिक्षा, आणि कधी कधी त्या रांगेत ॲम्ब्युलन्सही असते.

धाराशिव जिल्ह्यातलं भूम असो, परंडा असो की कळंब, तालुक्याच्या कुठल्याही गावात हे चित्र नवं नाही. अशा वेळी दोष साधारणपणे गाडीवाल्याला दिला जातो. पण गाडी रस्त्यावर येण्याचं कारण पुष्कळदा शेजारच्या इमारतीत सापडतं. तिथे गाडी लावण्यासाठी आणि माल उतरवण्यासाठी जागा सोडणं कायद्याने बंधनकारक असतं. ती जागा सोडली होती का, आणि सोडली असेल तर आज तिथे काय आहे, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

'ऑफ-स्ट्रीट पार्किंग' म्हणजे काय?

सार्वजनिक रस्त्याच्या बाहेर, म्हणजे इमारतीच्या स्वतःच्या प्लॉटवर गाड्यांसाठी सोडलेली जागा. ती मोकळ्या आवारात असू शकते, तळघरात असू शकते किंवा खांबांवर उभ्या इमारतीच्या खाली असू शकते. या शेवटच्या प्रकाराला आपण 'स्टिल्ट पार्किंग' म्हणतो.

नियमामागचा विचार साधा आहे. तुमच्या दुकानामुळे, दवाखान्यामुळे किंवा मंगल कार्यालयामुळे ज्या गाड्या येणार, त्यांची सोय तुमच्या जागेत व्हावी. रस्ता सगळ्यांचा आहे, तो एका इमारतीचा वाहनतळ होऊ नये.

भूमला कोणते नियम लागू होतात?

पूर्वी वेगवेगळ्या शहरांचे बांधकाम नियम वेगवेगळे होते. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने जवळपास संपूर्ण महाराष्ट्रासाठी एकच नियमावली आणली. तिचं नाव 'एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली'. बांधकाम क्षेत्रातले लोक तिला 'यूडीसीपीआर' म्हणतात. बृहन्मुंबई महापालिका, एमआयडीसी, नैना, थंड हवेच्या ठिकाणच्या नगरपरिषदा, लोणावळा असे काही मोजके अपवाद सोडले, तर ती सगळीकडे लागू आहे. पुणे, नागपूरला जी नियमावली, तीच 'क' वर्ग नगरपरिषद असलेल्या भूमलाही.

या नियमावलीचं आठवं प्रकरण पार्किंग आणि माल चढवण्या-उतरवण्याच्या जागेबद्दल आहे. त्यामागे बळ आहे ते महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ चं. भूममध्ये बांधकाम परवानगी देणारी आणि नियमभंगावर कारवाई करणारी यंत्रणा म्हणजे नगरपरिषद, आणि तिचे प्रमुख अधिकारी म्हणजे मुख्याधिकारी.

एका गाडीला किती जागा लागते?

- कार: २.५ मीटर × ५ मीटर, म्हणजे १२.५ चौरस मीटर (सुमारे १३५ चौरस फूट)
- दुचाकी: १ मीटर × २ मीटर, म्हणजे २ चौरस मीटर
- टेम्पो किंवा मालवाहू गाडी: ३.७५ मीटर × ७.५ मीटर, म्हणजे सुमारे २८ चौरस मीटर (जवळपास ३०० चौरस फूट)

एका कारच्या जागेत सहा दुचाकी बसतात, असा हिशेब नियमावलीतही धरलेला आहे. भूमसारख्या ठिकाणी, जिथे ग्राहक मुख्यतः दुचाकीवर येतो, तिथे हा हिशेब महत्त्वाचा आहे.

या मापात गाडी आत-बाहेर नेण्याची वाट धरलेली नसते. कारसाठी किमान ३ मीटर आणि दुचाकीसाठी किमान २ मीटर रुंद वाट वेगळी लागते. नकाशावर चौकोन आखले, पण गाडी वळायलाच जागा नाही, तर ते पार्किंग कागदावरच राहतं.

किती गाड्यांची जागा सोडायची, हे कसं ठरतं?

इमारतीच्या वापरावरून. घर, दुकान, कार्यालय, दवाखाना, हॉटेल, मंगल कार्यालय, शाळा यांच्यासाठी वेगवेगळं प्रमाण दिलेलं आहे. घरांच्या बाबतीत सदनिकेचं क्षेत्रफळ पाहतात. सदनिका मोठी, तर पार्किंग जास्त. दवाखान्याच्या बाबतीत खाटांची संख्या मोजली जाते.

मग शहराच्या आकारानुसार हा आकडा कमी-जास्त होतो. नियमावलीत त्यासाठी गुणक दिलेले आहेत. मोठ्या महापालिकांना जास्त, लहान शहरांना कमी. पुण्यातल्या इमारतीला जितकं पार्किंग लागेल, तितकं तशाच इमारतीला भूममध्ये लागत नाही.

काही सवलतीही आहेत. ३०० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर एकाच कुटुंबाचं स्वतंत्र घर असेल, तर वेगळ्या पार्किंगचा आग्रह धरला जात नाही. १०० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवरच्या ओळीतल्या दुकानांनाही अशीच मोकळीक आहे.

एकेका दुकानदाराच्या बाजूने पाहिलं तर ही मोकळीक रास्त आहे. छोट्या जागेत दुकान काढायचं की गाडी लावायची? पण जुन्या पेठेतल्या सगळ्या दुकानांचा मिळून विचार केला, तर संपूर्ण बाजारात एकाही गाडीची सोय नसते. म्हणून जुन्या बाजारपेठेत नुसत्या इमारतींच्या नियमावर भागत नाही. तिथे सार्वजनिक वाहनतळच लागतो.

माल उतरवायचा कुठे?

पार्किंगबद्दल सगळे बोलतात, माल उतरवण्याच्या जागेबद्दल फार कमी लोक. ग्राहकाची दुचाकी रस्त्याची कडा अडवते, तर मालाची गाडी अर्धा रस्ता अडवते आणि तासभर हलत नाही.

दुकानांची मोठी संकुलं, बाजाराच्या इमारती, कारखाने आणि गोदामं यांना ठरावीक क्षेत्रफळाच्या पुढे मालवाहू गाडीसाठी वेगळी जागा सोडावी लागते. ही जागा ग्राहकांच्या पार्किंगच्या व्यतिरिक्त असते.

भूम परिसरात खव्याचा आणि दुधाचा मोठा व्यवसाय आहे. हा नाशवंत माल, त्यामुळे गाडी वेळेवर भरून निघणं गरजेचं असतं. त्यात हंगामात शेतमालाच्या गाड्यांची भर पडते. नवं गोदाम किंवा नवं व्यापारी संकुल बांधताना टेम्पोची जागा आधीच ठेवली, तर हमालांना पोतं घेऊन वाहतुकीतून वाट काढावी लागत नाही आणि व्यापाऱ्यालाही दंडाची धास्ती राहत नाही.

ज्या जुन्या बाजारात अशी जागा काढणं शक्यच नाही, तिथे वेळ ठरवून देणं हा उपाय उरतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ नुसार विशिष्ट रस्त्यावर विशिष्ट वाहनांवर निर्बंध घालता येतात. माल सकाळी लवकर किंवा रात्री उतरवायचा, दिवसा जड वाहनांना बंदी, अशी पद्धत अनेक शहरांत आहे.

नियम आहे, मग जागा जाते कुठे?

याची तीन मुख्य कारणं सांगता येतील.

पहिलं, इमारत जुनी असते. नियम परवानगीच्या वेळी लागू होतात. त्या काळच्या परवानगीने बांधलेल्या इमारतीला आज अचानक पार्किंग काढायला सांगता येत नाही. मात्र ती पाडून नवी बांधली, किंवा घराच्या जागी दवाखाना अथवा दुकान असा वापर बदलला, की नव्या नियमांचा प्रश्न येतो.

दुसरं, परवानगी न घेताच बांधकाम होतं.

तिसरं कारण सगळ्यांना माहीत असतं. मंजूर नकाशात पार्किंग असतं, भोगवटा प्रमाणपत्र मिळेपर्यंत ते जागेवरही असतं. नंतर हळूच त्याला शटर लागतं आणि त्याचा गाळा होतो. पार्किंगची जागा एफएसआयमध्ये, म्हणजे अनुज्ञेय बांधकाम क्षेत्रात, मोजली जात नाही. ती सवलत गाडीसाठी दिलेली असते. तिथे गाळा काढला की सवलत मालकाच्या पदरात पडते आणि गाडी रस्त्यावर येते.

अशा गाळ्यावर कारवाई होऊ शकते का?

हो. मंजूर नकाशाविरुद्धचं बांधकाम किंवा वापर हा नगररचना अधिनियमाच्या कलम ५२ नुसार गुन्हा आहे. कलम ५३ नुसार नगरपरिषद नोटीस देऊन ते काढायला किंवा वापर बंद करायला सांगू शकते. मालकाला बांधकाम नियमित करण्यासाठी अर्ज करता येतो. पण नियमात बसत नसेल, तर तो मंजूर होऊ शकत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ रोजी उत्तर प्रदेशातल्या एका प्रकरणात याबद्दल स्पष्ट भूमिका घेतली. प्रशासनाने उशीर केला किंवा दुर्लक्ष केलं, म्हणून बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही. वीज-पाण्याची जोडणी आणि बँकेचं कर्ज देताना भोगवटा प्रमाणपत्र तपासावं, असंही न्यायालयाने सांगितलं.

यात सर्वात जास्त अडकतो तो गाळा विकत किंवा भाड्याने घेणारा. पागडी त्याची, फर्निचर त्याचं आणि नोटीस आली तर शटरही त्याचंच बंद होतं.

बिल्डर पार्किंग वेगळं विकू शकतो का?

मुंबईतल्या पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये निकाल दिला होता, की मोकळी आणि स्टिल्टखालची पार्किंगची जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येणार नाही. त्यानंतर २०१६ चा रेरा कायदा आला. त्यात उघड्यावरचं पार्किंग सामाईक जागेत धरलं आहे, त्यामुळे ते विकता येत नाही. आच्छादित पार्किंग दिलं जात असेल, तर त्याचा तपशील करारात हवा. गाडी आतच जात नाही अशा तक्रारी वाढल्यावर महारेराने २०२४ मध्ये पार्किंगचा क्रमांक, लांबी, रुंदी, उंची आणि ठिकाण करारासोबत देणं बंधनकारक केलं.

रस्त्यावर लावलेल्या गाडीचं काय?

इथे वेगळा कायदा आणि वेगळी यंत्रणा येते. नो-पार्किंगमध्ये किंवा रहदारीला अडथळा होईल अशी गाडी लावली, तर पहिल्यांदा ५०० रुपये आणि पुन्हा तसंच केल्यास १,५०० रुपये दंड होऊ शकतो. ही कारवाई पोलीस करतात. गाडी कुठे लावायची हे मात्र आधी ठरवून, फलक लावून सांगावं लागतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११७ नुसार स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून वाहनतळाच्या जागा निश्चित करता येतात.

म्हणजे इमारतीतल्या पार्किंगची तक्रार नगरपरिषदेकडे आणि रस्त्यावरच्या गाडीची पोलिसांकडे. तक्रार चुकीच्या टेबलावर गेली, की ती तिथेच पडून राहते.

सार्वजनिक वाहनतळाची जागा कशी मिळते?

शहराच्या विकास आराखड्यात भूखंड आरक्षित करून. उद्यान, शाळा, भाजी मंडई यांच्यासाठी जसं आरक्षण असतं, तसं वाहनतळासाठीही असतं. पण आरक्षण पडलं म्हणजे जागा मिळाली असं होत नाही. आराखडा अंतिम होऊन १० वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर कलम १२७ नुसार मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द होतं.

छोट्या नगरपरिषदेकडे पैसा कमी, त्यामुळे ही मुदत उलटणं तिला परवडणारं नाही. एकदा बाजाराजवळचा मोकळा भूखंड गेला, की तेवढी जागा पुन्हा मिळणं अवघड असतं.

मग प्रत्येक इमारतीला भरपूर पार्किंग सक्तीचं करावं का?

यावर जगभर दोन मतं आहेत. जपानमध्ये १९६२ च्या कायद्यापासून बहुतेक भागांत गाडी घेण्याआधी ती लावायला जागा असल्याचा दाखला द्यावा लागतो. उलट, लंडनने २००४ मध्ये किमान पार्किंगची सक्ती काढून कमाल मर्यादा घातली. अमेरिकेतल्या बफेलो शहराने २०१७ मध्ये किमान पार्किंगची अट रद्द केली. सक्तीच्या पार्किंगचा खर्च घराच्या आणि दुकानाच्या किमतीत मिसळतो आणि गाडी नसलेल्यालाही तो भरावा लागतो, असा अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड शूप यांचा युक्तिवाद होता.

भूमसारख्या शहराला हे दोन्ही धडे थोडे थोडे लागू पडतात. छोट्या दुकानावर कारच्या पार्किंगचं ओझं टाकण्यात अर्थ नाही. पण ज्या मोठ्या इमारतीला पार्किंगच्या बदल्यात बांधकामाची सवलत मिळाली, तिने ते पार्किंग मोकळं ठेवायलाच हवं.

तुम्ही काय करू शकता?

- गाळा किंवा फ्लॅट घेण्याआधी मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र मागा. तुमचा गाळा नकाशात 'पार्किंग' म्हणून दाखवलेला नाही ना, हे पाहा.
- मंजूर नकाशाची प्रत माहिती अधिकारात मागता येते. साधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.
- तक्रार लेखी करा. नकाशाची प्रत, जागेचा फोटो आणि तारीख जोडा. अर्जाची पोच घ्या.
- विकास आराखड्याचं प्रारूप प्रसिद्ध झालं, की हरकती आणि सूचना मागवल्या जातात. वाहनतळ कुठे हवा, मालाच्या गाड्या कुठे थांबाव्यात, हे तेव्हा सांगा. आराखडा अंतिम झाल्यावर बदल करून घेणं फार कठीण जातं.
- दुकानदार असाल, तर व्यापारी मंडळामार्फत माल उतरवण्याची वेळ ठरवून घ्या. त्याला नगरपरिषदेच्या निधीची वाट पाहावी लागत नाही.

पुढच्या वेळी बाजारात कोंडी झाली, की समोरच्या इमारतीच्या तळमजल्याकडेही एकदा बघा. तिथे शटर असेल, तर नकाशात त्या जागी काय लिहिलंय हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे.