पडदा काळवंडतो तेव्हा

संगणक समजून घेताना : लेखांक ९

विंडोज १० ला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबला, आणि त्या सुमारास कितीतरी घरांत, दुकानांत, सीएंच्या कार्यालयांत विंडोज ११ चे संगणक आले. नव्या संगणकाचा पहिला आठवडा जुन्या गोष्टी एकेक करून चढवण्यात जातो. प्रिंटर, मराठी फाँट, हिशेबाचं सॉफ्टवेअर, डिजिटल सहीचा डाँगल. यातल्या बहुतेक वेळी तेच होतं. पडदा काळवंडतो, मधोमध एक चौकट उघडते आणि विचारते : या ॲपला तुमच्या संगणकात बदल करू द्यायचे का? येस की नो? चौथ्या-पाचव्या खेपेला आपण चौकट वाचतही नाही, बोट आपोआप ‘येस’वर जातं. मग प्रश्न येतो, ‘ही कटकट बंद कशी करायची?’

बंद करू नका, असं माझं ठाम मत आहे. पण ते पटायचं तर ही चौकट कुठून आली आणि ती नेमकं काय विचारते, हे आधी पाहायला हवं.

विंडोज ९५ आणि ९८ मध्ये मालक कोण आणि नुसता वापरणारा कोण, असा भेदच नव्हता. जो समोर बसेल तो सर्वाधिकारी. मायक्रोसॉफ्टची दुसरी शाखा, विंडोज एनटी, १९९३ सालची. तिच्यात मात्र ॲडमिनिस्ट्रेटर वेगळा आणि साधा वापरकर्ता वेगळा, अशी पक्की व्यवस्था होती. २००१ मध्ये आलेल्या एक्सपीने आतली यंत्रणा एनटीची घेतली, पण घरच्या संगणकावर इन्स्टॉल करताना तयार होणारी अकाउंट सगळी ॲडमिनची, तीही पासवर्डाशिवाय. त्यामागे व्यवहार होता. ९५-९८ च्या काळातली असंख्य सॉफ्टवेअर आपल्या फाइली थेट ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये किंवा विंडोजच्याच फोल्डरमध्ये लिहायची. साध्या अकाउंटवर ती चाललीच नसती. एक्सपीत ‘लिमिटेड’ अकाउंट करून पाहिलेल्यांना आठवत असेल, नुसतं कॅलेंडर बघायला घड्याळावर डबल क्लिक केलं तरी ‘तुम्हाला वेळ बदलण्याचा अधिकार नाही’ असा मेसेज यायचा. असं अकाउंट कोण वापरणार?

याची किंमत आपल्याकडच्या सायबर कॅफेंनी आणि डीटीपीच्या दुकानांनी पुरेपूर मोजली. पेन ड्राइव्हमध्ये ‘न्यू फोल्डर’ नावाची फाइल यायची. चित्र फोल्डरचं, आतून मात्र प्रोग्रॅम. फोल्डर समजून उघडली की टास्क मॅनेजर बंद, फोल्डर ऑप्शन्स गायब, रजिस्ट्री एडिटर उघडेना. त्या फाइलीला फारशी हुशारी दाखवावी लागत नव्हती. उघडणारा ॲडमिन, म्हणून तीही ॲडमिन. मग हार्डवेअरवाला यायचा, फॉरमॅट मारायचा आणि आठवड्याभरात दुसरा पेन ड्राइव्ह लागायचा.

युनिक्सच्या दुनियेत हे दुखणं फार आधी ओळखलं गेलं होतं. तिथे सर्वाधिकाऱ्याला ‘रूट’ म्हणतात. तेवढ्या एका कामापुरते रूटचे अधिकार देणारी ‘सुडो’ ही आज्ञा १९८० च्या सुमारास अमेरिकेत बफेलोच्या विद्यापीठात लिहिली गेली. २००४ मध्ये आलेल्या उबुंटूने तर रूटचं लॉगिनच बंद ठेवलं आणि गरजेपुरता पासवर्ड मागायला सुरुवात केली. विंडोज त्या वाटेला लागलं ते व्हिस्टापासून. व्हिस्टा सर्वसामान्य ग्राहकांच्या हाती आलं ३० जानेवारी २००७ ला, आणि त्याच्यासोबत आली ही चौकट. तिचं नाव युजर अकाउंट कंट्रोल, यूएसी.

आत काय घडतं, ते समजून घेण्यासारखं आहे. आपण लॉगिन केलं की विंडोज आपल्या नावाने एक टोकन काढतं. कोणत्या गटात आपण आहोत आणि काय करायची मुभा आहे, ते त्यात नोंदलेलं असतं. आपण सुरू केलेला प्रत्येक प्रोग्रॅम ते टोकन घेऊन चालतो. व्हिस्टापासून ॲडमिनने लॉगिन केलं की दोन टोकनं निघतात, एक पूर्ण आणि एक छाटलेलं. ब्राउझर, वर्ड, गाणी, गेम, सगळं छाटलेल्या टोकनावर चालतं. पूर्ण टोकन बाजूला राहतं. एखाद्या प्रोग्रॅमने मागितलं आणि आपण हो म्हटलं, तर तेवढ्या प्रोग्रॅमला ते मिळतं. तेव्हा चौकट ‘हा प्रोग्रॅम चालवू का’ असं विचारत नाही. प्रोग्रॅम एरवी न विचारताच चालतात. ती विचारते ते असं : याला माझे सगळे अधिकार देऊ का?

पडदा काळवंडतो तोही नुसतं लक्ष वेधायला नाही. त्या क्षणी विंडोज आपल्या डेस्कटॉपचा फोटो घेतं, तो गडद करून मागे लावतं आणि आपल्याला एका वेगळ्याच डेस्कटॉपवर नेतं. तिथे आपल्या प्रोग्रॅमांना प्रवेश नसतो. नेहमीच्या डेस्कटॉपवर एक प्रोग्रॅम दुसऱ्याच्या बटणावर परस्पर क्लिक करू शकतो, माऊसचा खरा बाण लपवून खोटा बाण भलतीकडे दाखवू शकतो. बाण ‘नो’वर दिसेल आणि क्लिक ‘येस’वर पडेल. वेगळ्या डेस्कटॉपवर या युक्त्या चालत नाहीत.

ज्यांची मुलं परदेशात आहेत, त्यांना याचा एक परिणाम माहीत असेल. न्यू जर्सीतली लेक क्विक असिस्टवरून ठाण्यातल्या बाबांचा संगणक बघत असते. चौकट उघडते आणि तिच्याकडे पडदा काळा होतो. ‘बाबा, आता काय दिसतंय? वाचा ना.’ ‘अगं, येस-नो काहीतरी विचारतोय.’ ‘नाव काय लिहिलंय? वर, ठळक अक्षरात?’ मग बाबा चष्मा लावून एकेक अक्षर वाचतात. हा बिघाड नाही. हो म्हणायचं की नाही, हे संगणकासमोर प्रत्यक्ष बसलेल्या माणसानेच ठरवायचं, अशी ती रचना आहे. फोनवर बँकेचा माणूस म्हणून गोड बोलणारा भामटा स्क्रीन शेअर करायला लावतो तेव्हा या रचनेचं मोल कळतं.

व्हिस्टात मात्र या चौकटीने लोकांना खरोखर जेरीस आणलं. डेस्कटॉपवरचा एक आयकॉन काढून टाकायचा, एवढं साधं काम घ्या. आधी ‘नक्की डिलीट करायचं का?’, मग ‘यासाठी अधिकार लागतील, पुढे जायचं का?’, मग पडदा काळा आणि यूएसीची चौकट. कारण समजल्यावर यात वेडेपणा वाटत नाही. आपल्याला दिसणारा डेस्कटॉप दोन फोल्डरांचा मिळून बनतो, एक आपला आणि एक त्या संगणकावरच्या सगळ्यांचा. सॉफ्टवेअर इन्स्टॉल करताना आयकॉन बहुधा सगळ्यांच्या फोल्डरमध्ये जातो, आणि सगळ्यांची गोष्ट काढायची तर ॲडमिन हवा. पण पडद्यावर दोन्ही आयकॉन एकसारखेच दिसतात, तर वापरणाऱ्याला हे कळावं कसं? संरक्षित जागी नवं फोल्डर करायला तर चार चौकटी ओलांडाव्या लागत. २००८ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकने त्यांची एक केली. ॲपलने तोवर टीव्हीच्या जाहिरातीत काळ्या चष्म्याचा सुरक्षारक्षक उभा करून, प्रत्येक वाक्याला परवानगी विचारायला लावून, व्हिस्टाची जगभर थट्टा केली होती.

मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. एप्रिल २००८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या आरएसए परिषदेत मायक्रोसॉफ्टचे डेव्हिड क्रॉस यांनी उघडपणे सांगितलं की यूएसी लोकांना त्रास व्हावा म्हणूनच आणलं. ऐकायला ते उर्मट वाटतं, पण हिशेब सरळ होता. ग्राहकाला चौकटीचा वैताग आला की तो सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला फोन करणार, ‘तुमचा प्रोग्रॅम दर वेळी परवानगी का मागतो?’ मग तो प्रोग्रॅमर आपल्या फाइली जिथे लिहायला हव्यात तिथे लिहू लागणार. आणि तसं झालं. मायक्रोसॉफ्टने नंतर प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार, चौकट उघडायला लावणारे वेगवेगळे प्रोग्रॅम आणि कामं ऑगस्ट २००७ मध्ये ७,७५,३१२ होती, वर्षभरात ती १,६८,१४९ वर आली. आज विंडोज ११ वर दिवसच्या दिवस एकही चौकट न येता जातो, तो त्या दोन वर्षांच्या वैतागामुळे.

मधल्या काळात जुन्या सॉफ्टवेअरसाठी एक तोड काढली होती, तिने वेगळाच घोळ घातला. प्रोग्रॅम ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये लिहू पाहतोय आणि अधिकार नाही, अशा वेळी विंडोज ते लिखाण गुपचूप त्या वापरकर्त्याच्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’ नावाच्या फोल्डरमध्ये वळवतं. प्रोग्रॅमला वाटतं, लिहिलं गेलं. आता असं दुकान डोळ्यांपुढे आणा, जिथे एका संगणकावर सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा कारकून आपापल्या लॉगिनने हिशेबाच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदी करतो. सकाळच्या नोंदी संध्याकाळी दिसतच नाहीत. दोघांच्याही नोंदी शाबूत असतात, फक्त प्रत्येकाची प्रत वेगळी. जुनी बत्तीस बिटांची सॉफ्टवेअर आजही वापरणाऱ्यांनी हे फोल्डर एकदा जरूर तपासावं.

२००९ च्या विंडोज ७ ने चौकट कधी यावी हे ठरवणारी चार पायऱ्यांची पट्टी दिली आणि खुद्द विंडोजच्या बऱ्याच भागांना न विचारता अधिकार मिळण्याची सवलत दिली. चौकटी कमी झाल्या, लोक सुखावले. पण याच सवलतीतून पुढे घातक प्रोग्रॅमांनी वाटा काढल्या. विंडोजचाच एखादा सवलत मिळालेला भाग हाताशी धरायचा आणि चौकट टाळायची. विंडोज ७ च्या चाचणी आवृत्तीत तर एक छोटी स्क्रिप्ट यूएसी परस्पर बंद करू शकते, हे अभ्यासकांनी दाखवून दिलं होतं. मायक्रोसॉफ्टने ती वाट बुजवली, तरी मूळ सवलत राहिलीच. म्हणून मी पट्टी सर्वांत वरच्या पायरीवर ठेवायला सांगतो. चार चौकटी जास्त येतील, चालेल.

अर्थात या चौकटीकडून नसत्या अपेक्षा ठेवू नयेत. आपले फोटो, पत्रं, एक्सेलच्या फाइली या आपल्याच मालकीच्या असतात. त्या वाचायला, बदलायला, पुसायला छाटलेलं टोकन पुरतं. खंडणीसाठी फाइलींना कुलूप लावणारा प्रोग्रॅम या चौकटीच्या वाटेला न जाताही तुमचा सगळा संग्रह निकामी करू शकतो. त्यावर उपाय बॅकअप, आणि तोही संगणकापासून अलग ठेवलेला.

दुसरा धोका आपल्या सवयीचा. सोसायटीच्या आवारात एखाद्या मोटारीचा भोंगा रोज रात्री उगाच वाजत असेल, तर ज्या रात्री खरोखर चोर येतो त्या रात्रीही कोणी गॅलरीत येत नाही. म्हणून चौकट आली की एवढं स्वतःला विचारावं : आत्ता, काही क्षणांपूर्वी, मी असं काही केलं का जे हिने विचारावं? प्रिंटरचा ड्रायव्हर टाकत असाल आणि चौकट आली, तर ठीक. बातमी वाचताना आली, तर नाही. दुसरं पाहायचं ते प्रकाशकाचं नाव. सही तपासलेली असेल तर चौकट निळी असते आणि नाव दिसतं, सही नसेल तर पिवळी आणि प्रकाशक ‘अननोन’. पिवळी म्हणजे घातकच असं नाही. लहान विकासकांना सहीचं प्रमाणपत्र दरवर्षी विकत घेणं परवडत नाही, आपल्याकडची कित्येक उपयोगी मराठी साधनं बिनसहीची होती. पण मग ती फाइल कुठून आणली, हे स्वतःला पक्कं ठाऊक हवं. ‘अधिक तपशील’ उघडलं की फाइलीचा पत्ता दिसतो. ‘टेम्प’ फोल्डरमधून आलेली, नावात नुसती आकडे-अक्षरांची जंत्री असलेली फाइल दिसली तर थांबावं.

घरात एकच संगणक असेल तर रविवारचा अर्धा तास खर्च करून ॲडमिनचं एक अकाउंट वेगळं करा, पासवर्ड घरातल्या एकाकडेच ठेवा आणि बाकी सगळ्यांना, त्या एकालाही, रोजच्या वापरासाठी ‘स्टँडर्ड’ अकाउंट द्या. मग चौकट नुसतं येस-नो विचारत नाही, पासवर्ड मागते, आणि शाळकरी मुलाला गेमचा फुकटचा ‘क्रॅक’ टाकायचा असेल तर आधी आईला विचारावं लागतं. मायक्रोसॉफ्टही त्याच दिशेने निघालं आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या ‘ॲडमिनिस्ट्रेटर प्रोटेक्शन’मध्ये पूर्ण अधिकारांसाठी एक वेगळं, लपलेलं अकाउंट वापरलं जातं, चेहरा, बोट किंवा पिन दिल्यावर ते तेवढ्या कामापुरते अधिकार देतं आणि काम संपलं की ते टोकन नष्ट होतं.

आणि चौकट अवचित, काही न करता आली, तर ‘नो’ म्हणा. खरं काम असेल तर तो प्रोग्रॅम पुन्हा विचारेल. मात्र ‘नो’ म्हणण्याआधी फोनने तिचा फोटो काढून ठेवा. त्या वेगळ्या डेस्कटॉपवर प्रिंट स्क्रीन चालत नाही, आणि नंतर कुणाला विचारायचं झालं तर प्रोग्रॅमचं नाव आणि पत्ता, दोन्ही हाताशी लागतील.

(पुढील लेखांकात : फोनवरच्या परवानग्या आणि लग्नपत्रिकेच्या नावाने येणाऱ्या एपीके फाइली)