वत्सगुल्माची चौदा पळं

वाशिमहून एका वाचकाने विचारलंय, ‘आमच्या मध्यमेश्वराच्या देवळातून शून्य रेखांश जातो, हे खरं का?’

ग्रंथात जातो, जमिनीवर नाही. भास्कराचार्यांनी 1183 च्या ‘करणकुतूहल’मध्ये लंकेपासून मेरूपर्यंतची मध्यरेखा सांगताना कांची, वत्सगुल्म, उज्जयिनी आणि कुरुक्षेत्र एका ओळीत बसवले. वत्सगुल्म म्हणजे वाशिम. ग्रिनिचच्या कितीतरी आधीची ही रेषा, तेव्हा अभिमान रास्तच. पण उज्जैन 75.8 अंशांवर आणि वाशिम 77.1 वर, म्हणजे सुमारे 140 किलोमीटर पूर्वेला. कांचीचं तर विचारूच नका, ती पार 79.7 वर!

मला मात्र अभिमानापेक्षा ही चूकच जास्त आवडते. रेखांश म्हणजे दोन गावांच्या वेळेतला फरक. घड्याळजी दुरुस्त केलेलं घड्याळ शेजारच्या भरवशाच्या घड्याळाशी ताडून पाहतो. पण दोन दूरच्या गावांना एकाच क्षणी दिसणारं घड्याळ आणायचं कुठून? ‘सूर्यसिद्धांत’ या जुन्या ज्योतिषग्रंथाने ते आभाळात शोधलं: चंद्रग्रहण. खग्रास अवस्था दोन्हीकडे एकाच क्षणी लागते. त्या क्षणी आपापल्या गावात किती घटका झाल्या ते मोजायचं, की फरक हाती.

मोजायचं घटिकापात्राने. पाण्यावर तरंगणारी वाटी, बुडाला बारीक भोक. वाटी भरून बुडाली की एक घटका, 24 मिनिटं. (‘घटका भरली’ म्हणतो ते इथूनच.) भोकात गाळ अडकला, पाणी गार झालं, की घटका लांबली. घटकेची 60 पळं. पळ 24 सेकंदांचं. सूर्यास्तापासून मध्यरात्रीच्या ग्रहणापर्यंत साधारण 15 घटका, म्हणजे 900 पळं. वाशिम-उज्जैनचा खरा फरक जेमतेम साडेपाच मिनिटांचा, तेरा-चौदा पळांचा. वाटीने शंभरात दीड पळ खाल्लं तरी वाशिम सरकून उज्जैनच्या रेषेवर! शिवाय चंद्रावरच्या सावलीची कडही धूसर. वत्सगुल्म नेमकं असंच रेषेवर आलं असं मी म्हणत नाही. पण त्या साधनाने एवढी चूक व्हायला कुणी निष्काळजी असायची गरज नव्हती.

आता दोन्ही गावांची घड्याळं 82.5 अंशांच्या रेषेवर लावलेली. त्यामुळे वाशिमची मध्यान्ह सरासरी 12 वाजून 21 मिनिटांनी होते. घटकेला तीन मिनिटं कमी. ही तक्रार घेऊन घड्याळजीकडे जायची सोय नाही.